कॅप्टन नेमो : भाचा की पुतण्या?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, एका आगगाडीपासून सुरुवात करतो.

२० ऑक्टोबर १८७२, रविवार. रात्री आठ वाजता मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारी गाडी सुटली. डब्यात एक अबोल इंग्रज गृहस्थ, त्याचा फ्रेंच नोकर आणि बोटीवर ओळख झालेला एक लष्करी अधिकारी. कल्याण मागं पडलं, गाडी डोंगरात शिरली. नोकर पांघरुणात पाय गुंडाळून गाढ झोपला होता. त्याच रात्री कधीतरी गाडीने आपलं नाशिक ओलांडलं आणि उजाडलं तेव्हा ती खानदेशच्या सपाट मुलखात धावत होती.

त्या गृहस्थाचं नाव फिलिअस फॉग. ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पैज त्याने लावली होती. हे सगळं घडलं ते ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीत. पॅरिसच्या एका दैनिकात ती १८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात क्रमशः छापून आली. नाशिकच्या वाट्याला तिच्यात केवळ नावापुरता उल्लेख आला आहे. पण नाशिककराला तेवढाही पुरतो!

व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही. नकाशे, प्रवासवर्णनं आणि वर्तमानपत्रं यांच्या भरवशावर त्याने हा मुलूख उभा केला. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ साली खुला झाला आणि १८७० साली मुंबईकडची रेल्वे कलकत्त्याकडच्या रेल्वेला जोडली गेली. त्यानंतर दोनच वर्षांत ही कादंबरी आली. म्हणजे तेव्हाच्या ताज्या बातमीवर रचलेलं ते साहस होतं. त्यात चुकाही आहेत. त्याची गाडी मालेगाववरून जाते. खरी गाडी तेव्हाही मनमाडवरूनच जात होती. खानदेशातल्या गावांवर, युरोपातल्या चर्चच्या मनोऱ्यांऐवजी, त्याला देवळांचे मिनार दिसतात. देवळाला कळस असतो आणि मशिदीला मिनार, हे आपल्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. व्हर्नने दोन्ही एक करून टाकले.

पुष्कळ वर्षं मला ही नुसती गंमत वाटत होती. आज मी बोलणार आहे ते व्हर्नच्या अशाच आणखी एका सरमिसळीबद्दल. तिने मला माझ्या मुलखाच्या इतिहासाकडे नव्याने पाहायला लावलं.

व्हर्नचा जन्म १८२८ चा, मृत्यू १९०५ चा. एत्झेल नावाच्या प्रकाशकाशी त्याची गाठ पडली आणि १८६३ पासून एक मालाच सुरू झाली. 'असाधारण प्रवास' असं तिचं नाव मराठीत सांगता येईल. व्हर्नच्या हयातीत तिच्यात ५० हून अधिक कादंबऱ्या निघाल्या. कुणी फुग्यातून आफ्रिका पार करतो, कुणी ज्वालामुखीच्या तोंडातून पृथ्वीच्या पोटात उतरतो, कुणी तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघतो.

या मालेचं मराठीशी नातं जुनं आहे. तोफेतून चंद्राकडे जाण्याची ती कथा कृष्णाजी आत्माजी गुप्ते यांनी मराठीत आणली आणि १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकातून ती 'चंद्रलोकची सफर' या नावाने वाचकांपुढे आली. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे आपलं बोट बहुधा तिथंच ठेवतात. चंद्राला मामा म्हणणाऱ्या भाषेत विज्ञानकथेने पहिलं पाऊल टाकलं तेही मामाच्याच घरी, हे मला फार आवडतं.

पण माझ्या पिढीला व्हर्न दिला तो भा. रा. भागवतांनी. 'फास्टर फेणे'चे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्रसैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही त्यांची व्हर्नची पुस्तकं आमच्या हातोहाती फिरून खिळखिळी झाली होती. भागवतांचं मराठी खेळकर, पळतं. परक्या नावाची माणसंही त्यात आपल्या आळीतली वाटत.

'समुद्रसैतान' मला माझ्या मामूने आणून दिलं. मामू रेल्वेत कामाला होता आणि वाचनाचा त्याला नाद होता. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. जुन्या नाशकातल्या आमच्या घरात रात्री दिवा लवकर मालवत. मी माळवदावर जाऊन रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात ते संपवलं. कॅप्टन नेमो, त्याची 'नॉटिलस' पाणबुडी, तिच्यातलं ग्रंथालय, तिची वीज! समुद्राखालचे वीस हजार कोस म्हणजे वीस हजार कोस खोल, असं पुष्कळांना वाटतं. तो हिशोब खोलीचा नाही, प्रवासाचा आहे. व्हर्नचा कोस धरला चार किलोमीटरचा. म्हणजे ८० हजार किलोमीटर, पृथ्वीला दोन फेऱ्या होतील इतका तो प्रवास. आणि हे १८६९-७० साली लिहिलेलं, जेव्हा माणसं हाताने दांडा फिरवून पाणबुडी चालवत होती.

नेमो कोण, हे मात्र त्या कादंबरीत कळत नाही. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कुणी नाही'. एक खूण फक्त सापडते. सिलोनच्या समुद्रात मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क चालून येतो. नेमो स्वतःच्या जिवावर उदार होऊन त्याला वाचवतो आणि मोत्यांची थैली त्याच्या हातात ठेवतो. माणसांशी नातं तोडलेला हा कप्तान असं का वागला? तर तो म्हणतो, हा पिचलेल्या देशातला माणूस आहे आणि अखेरच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा आहे. कुठला देश, ते तो सांगत नाही.

उत्तर आहे मालेतल्या पुढच्या एका कादंबरीत, १८७४-७५ च्या 'रहस्यमय बेटा'त. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळी, १८६५ साली, पाच माणसं आणि एक कुत्रा फुग्यातून पळ काढतात आणि एका निर्जन बेटावर आदळतात. जवळ काही नाही. त्यांच्यातला इंजिनिअर घड्याळांच्या दोन काचांतून भिंग बनवून आग पेटवतो. मग विटा, लोखंड, सुरुंगाची दारू, तारायंत्र, एकेक करून सगळं उभं राहतं. विज्ञान म्हणजे जादू नसून पायरी-पायरीने चढायची गोष्ट आहे, हे इतकं रंजकपणे सांगणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. संकटाच्या क्षणी बेटावर कुणीतरी अदृश्यपणे त्यांना मदत करत असतो. तो म्हणजे म्हातारा झालेला नेमो. मरण्याआधी तो आपलं खरं नाव सांगतो : बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कार.

मी हे वाचलं बी.ए.ला असताना, सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या इंग्रजी प्रतीत. १८४० साली स्थापन झालेलं आमचं हे वाचनालय नाशिकचं भूषण आहे. नेमो हिंदुस्थानी निघाला म्हणून मी हरखून गेलो. पण त्याच पानांवर एक खडा दाताखाली आला. १८५७ च्या उठावाबद्दल तिथं लिहिलं होतं, की इंग्रजांनी या देशात सुखशांती आणली होती, महत्त्वाकांक्षी राजांनी अडाणी लोकांना भडकवलं. इंग्रजांच्या द्वेषापायी आयुष्य समुद्रात घालवणाऱ्या माणसाची कथा सांगताना लेखक असं कसं लिहील? मला ते जुळेना. पुस्तक परत करून टाकलं.

उलगडा झाला तो बऱ्याच वर्षांनी. २००१ साली या कादंबरीची दोन नवी, संपूर्ण इंग्रजी भाषांतरं अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यातलं एक पुढे माझ्या हाती आलं. तेव्हा कळलं, की मी वाचलेलं जुनं भाषांतर १८७५ साली लंडनहून निघालेलं होतं आणि इंग्रज वाचकाला खुपेल ते त्यातून काढून टाकलेलं, काही ठिकाणी चक्क उलटं केलेलं होतं. मूळ फ्रेंचमध्ये नेमो उठावाचा आत्मा आहे. वीस चकमकींत तो दहा वेळा जखमी होतो. त्याची बायकोमुलं मारली जातात. आणि मूळ फ्रेंचमध्ये त्याच्या ओळखीत आणखी एक नातं आहे. जुन्या भाषांतराने तेही गाळलं होतं. कॅप्टन नेमो हा टिपू सुलतानचा 'नेव्ह्यू' आहे.

या माणसाचं नाव आधीही एकदा पुसलं गेलं होतं. व्हर्नच्या मनात नेमो पोलंडचा सरदार होता, रशियाच्या झारने ज्याचं कुटुंब नष्ट केलं असा. पण रशियात पुस्तकं खपत होती. प्रकाशक एत्झेलने ते मान्य केलं नाही, म्हणून पहिल्या कादंबरीत नेमो बिननावाचा राहिला. पुढं तो हिंदुस्थानी झाला, तर इंग्रजीने त्याचं अर्धं नातं कापलं. १९५४ च्या गाजलेल्या सिनेमात तो गोराच दिसला. पडद्यावर आपल्या मातीतला नेमो मी पाहिला तो २००३ साली, नसीरुद्दीन शहा यांच्या रूपात.

ते नवं भाषांतर हाती आलं त्या दिवशी मी घाईने घरी जाऊन अम्मीला सांगितलं, की माझ्या लहानपणीचा तो समुद्रातला कप्तान टिपू सुलतानचा नेव्ह्यू निघाला. अम्मी तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "भांजा था, के भतीजा?"

मी गप्प. फ्रेंचला आणि इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही. त्यांच्याकडे भाचा आणि पुतण्या यांना एकच शब्द. आपल्याकडे मराठीत काय, हिंदी-उर्दूत काय, उत्तर दिल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. मी म्हणालो, पुस्तकात तसं काही दिलेलं नाही. अम्मी म्हणाली, "कसली किताब ही! बाप कोण होता?" मी सांगितलं, बुंदेलखंडचा राजा. तिने सुपातला खडा बाजूला टाकला. "मग भांजाच. टिपूची बहीण तिकडे दिली असणार."

एवढा सरळ हिशोब, आणि तो माझ्या डोक्यात आला नव्हता! बाप बुंदेलखंडचा राजा, म्हणजे नेमो टिपूचा पुतण्या असू शकत नाही. तो भाचा. आईकडून म्हैसूरच्या सुलतानांचा, वडिलांकडून बुंदेलखंडच्या राजांचा. ही अर्थात व्हर्नची कल्पना. टिपू १७९९ साली श्रीरंगपट्टणला पडला आणि कादंबरीतल्या तारखांप्रमाणे नेमो जन्मतो १८१९ च्या सुमाराला, त्यामुळे वयाचं गणितही जरा ओढाताणीचंच. टिपूवरून आपल्याकडे वाद आहेत हेही मला ठाऊक आहे. १७९० ते १७९२ च्या युद्धात मराठ्यांच्या फौजा त्याच्याविरुद्ध लढल्या होत्या. तो वाद एका कादंबरीने मिटणार नाही. व्हर्नने टिपूला निवडलं, कारण इंग्रजांशी शेवटपर्यंत झुंजलेला राजा म्हणून फ्रेंचांना तो जवळचा वाटे. शिवाय टिपूच्या फौजेकडे लोखंडी नळीचे अग्निबाण होते. ते पाहून इंग्लंडात काँग्रीव्हने आपले अग्निबाण तयार केले. मामाकडे अग्निबाण आणि भाच्याकडे पाणबुडी, असं हे घराणं.

पण राजा हिंदू आणि राणी मुसलमान, तेही बुंदेलखंडात? व्हर्नने इथंही कळस आणि मिनार एक केले, असं कुणी म्हणेल. मीही तसंच म्हणालो असतो. मग इतिहासाची पुस्तकं उघडली, आणि त्यातून निघाले आपले बाजीराव पेशवे.

१७२९ साली मुहंमदखान बंगशाच्या कचाट्यातून छत्रसालाला सोडवायला बाजीराव बुंदेलखंडात गेले, हे आपण शाळेत शिकतो. मस्तानी ही छत्रसालाची मुस्लिम स्त्रीपासून झालेली मुलगी, असं मानलं जातं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहादूर १७६१ मध्ये पानिपतावर लढला आणि त्यातच गेला. त्याच्या मुलाने, अलीबहादूरने, त्या शतकाच्या अखेरीस बुंदेलखंडात मुलूख मिळवला आणि त्याचे वंशज बांद्याचे नवाब झाले. १८५७ आलं तेव्हा गादीवर होता दुसरा अलीबहादूर. पेशव्याचा वंशज, धर्माने मुसलमान, बुंदेलखंडचा नवाब. तो उठावात उतरला. एप्रिल १८५८ मध्ये बांद्याजवळ जनरल व्हिटलॉकच्या फौजेने त्याचा पराभव केला. तेव्हा तो काल्पीला गेला आणि राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्या बाजूने उभा राहिला. राणीने त्याला राखी पाठवली होती, अशी आठवण सांगितली जाते. इंग्रजांनी बांदा खालसा केलं आणि नवाबाला इंदूरला नेऊन ठेवलं. तात्या टोपे तर आपल्या जिल्ह्यातलेच, येवल्याचे.

व्हर्नला बांद्याचा नवाब ठाऊक होता असा माझा दावा नाही. मी एवढंच म्हणतो, की पॅरिसच्या माणसाने ज्याला आपण अशक्य समजू असा नायक कल्पनेने उभा केला, आणि तसा माणूस इथं खरोखर होऊन गेला होता. तो आपल्याच लोकांच्या खांद्याला खांदा लावून लढला होता आणि आपण त्याला विसरलो होतो. चूक व्हर्नची थोडी आणि विसरभोळेपणा आपला जास्त.

हे मला इतकं का लागलं? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका मासिकाकडून माझी कविता स्वीकारल्याचं पत्र आलं होतं. खाली एक ओळ होती : मूळ उर्दू कविता कुठं प्रसिद्ध झाली आणि अनुवाद कुणी केला, ते कळवावे. मी कळवलं, कविता मराठीतच लिहिली आहे, अनुवादक नाही. कविता छापून आली. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण माझ्या नावाचा माणूस मराठी कवितेचा पुतण्या असूच शकत नाही, फार तर लांबचा पाहुणा असेल, हे त्यांनी नाव वाचूनच ठरवलं होतं. मी त्यांना आज सांगेन, की मी भाचा आहे. भाच्याचा मान आपल्याकडे कमी नसतो.

नावाची अशीच एक गोष्ट आपल्या विज्ञानकथेतही आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. ते होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. नावाकडे न पाहता कथेकडे पाहिलं जावं म्हणून एवढा मोठा माणूस काही दिवस 'कुणी नाही' झाला. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष नारळीकरच होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले. कुसुमाग्रजांच्या गावाने विज्ञानकथाकाराला अध्यक्षपद दिलं, याचा मला नाशिककर म्हणून अभिमान आहे.

तर मंडळी, शिफारस. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर भागवतांची व्हर्नची पुस्तकं त्याच्या हाती द्या. आधी चंद्र, मग पाताळ, मग समुद्र. मोठ्यांनी 'रहस्यमय बेट' पूर्ण भाषांतरात वाचावं. गाळीव प्रतीपासून सावध राहावं. व्हर्न हा काही संत नव्हे. १८८० च्या त्याच्या एका कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती हिंदुस्थानभर फिरतो. तिची सुरुवात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर करणाऱ्या नोटिशीने होते, आणि तिच्यात नानासाहेब खलनायक आहेत. तीही वाचा, आणि भांडा तिच्याशी. दूरच्या माणसाने आपल्याकडे पाहताना काय नेमकं टिपलं आणि काय चुकवलं, हे शोधणं हाही साहसाचाच प्रकार आहे.

मामू आता नाही, अम्मीही नाही. 'समुद्रसैतान'ची ती प्रत आहे. तिचं वरचं पान गेलंय. गेल्या सुट्टीत ती माझ्या बहिणीच्या मुलीला दिली. चौथ्या दिवशी रात्री तिचा फोन आला, "मामू, पुस्तक संपलं. पण नेमो कोण होता, ते सांगितलंच नाही यात!"

मी म्हणालो, "त्यासाठी दुसरं पुस्तक वाचावं लागेल. उद्या घेऊन येतो."